मजुरीचा मीटर, विक्रीचा मीटर

आमची खोली भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या एका गल्लीत होती, कारखान्याच्या भिंतीला भिंत लावून. भिंतीपलीकडे चोवीस लूम. मांडणीतले पेले दिवसभर आपोआप वाजायचे. पाहुणा आला की दहा मिनिटांत तोही ओरडून बोलायला लागायचा. आम्ही जन्मापासून ओरडूनच बोलत होतो, त्यामुळे कॉलेजात गेले तेव्हा पहिल्या आठवड्यातच मला 'भांडकुदळ' हे नाव पडलं. ते फारसं चुकीचं नव्हतं.

बाबा शहराबाहेर, शेलारच्या पलीकडच्या एका गावचे. वाटणीत आलेल्या खाचरात चार महिने पुरेल एवढा भात व्हायचा. उरलेल्या आठ महिन्यांसाठी ते भिवंडीत आले आणि पुढे ते चार महिनेही भिवंडीतच गेले. भिंतीपलीकडच्या त्याच कारखान्यात बारा तास लूमवर उभं राहायचं, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. आई घरी बसून कांड्या भरायची, म्हणजे लूमच्या धोट्यात बसतात त्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. सुताची कुसं भातात, डाळीत, पाण्याच्या माठात. आमच्याकडे जेवताना घास तोंडात घालायच्या आधी त्यावरून बोट फिरवायची सवय सगळ्यांना होती. एका लग्नात पंगतीला बसून मी तसं केलं तर शेजारची बाई म्हणाली, "काय गं, केस निघाला का?" काय सांगणार तिला.

कापडात दोष निघाला, धागा सुटला, तेलाचा डाग पडला, की त्याचे पैसे बाबांच्या मजुरीतून कापले जायचे आणि ते कापड त्यांच्या अंगावर फेकलं जायचं. ते डागी कापड आमच्या घरी यायचं. उशीचे अभ्रे, आईचे परकर, माझा शाळेचा फ्रॉक, सगळं त्याचंच. कुठल्या पंधरवड्यात बाबांना ताप होता ते आमच्या अंगावर वाचता यायचं.

मजुरी मीटरवर होती. लूमवरून उतरलेला ताका, म्हणजे कापडाचा अखंड लांब तुकडा, घडीच्या टेबलावर जायचा. टेबलाच्या दोन टोकांना दोन लोखंडी खुंट्या. कापड या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत न्यायचं, परत आणायचं. एक घडी म्हणजे एक मीटर. शंभर घड्या झाल्या की मेहताजी, म्हणजे शेठच्या वह्या लिहिणारा माणूस, बाबांच्या नावापुढे शंभर मांडायचा.

पण कारखान्यातल्या त्या टेबलाच्या खुंट्यांमध्ये एक मीटर नव्हता. एक मीटर आणि दोन बोटं होती. यात चोरून काहीच नव्हतं. प्रत्येक विणकराला ते माहीत होतं आणि प्रत्येकाला त्याचं कारणही पाठ होतं. मी लहानपणी विचारलं तेव्हा बाबांनी मला मोठ्या जाणकाराच्या थाटात समजावलं होतं.

"लूमवर कापड ताणलेलं असतं, पोरी. उतरलं का आकसतं. शेठनं मीटरभर मोजून घेतलं नि ते घरी जाऊन आखूड झालं, तर त्याचा तोटा न्हाय का? म्हणून आपला मीटर दोन बोटं लांब हाय."

"आणि शेठचा मीटर?"

"शेठचा मीटर म्हणजे सरकारी मीटर. तो कसा बदलंल?"

दसऱ्याला कारखान्यात हत्यारांची पूजा व्हायची. लूमला झेंडूची माळ, धोट्याला हळदकुंकू, आणि घडीच्या टेबलाला नारळ. वर्षभरात ढिल्या झालेल्या खुंट्या त्या दिवशी परत ठोकायच्या, आणि तो मान बाबांचा. मेहताजी आतून लोखंडी गज आणून द्यायचा, बाबा तो टेबलावर ठेवून, एक डोळा मिटून, खुंटी बरोबर त्या दोन बोटांवर ठोकायचे. मग टेबलाला हात जोडायचे. नारळाची मोठी वाटी त्यांना मिळायची. ती घेऊन ते घरी यायचे तेव्हा त्यांची मान ताठ असायची. आपल्या मजुरीला कात्री लावणाऱ्या टेबलाची दुरुस्ती स्वतःच्या हाताने करायची, वर त्याला नमस्कार करायचा, आणि अर्धा नारळ घेऊन खूश व्हायचं! माणसाला फसवायला फार अक्कल लागत नाही. त्याला थोडा मान दिला की तो हातोडा स्वतः आणतो.

मी आमच्या दोन्हीकडच्या कुळांत कॉलेजात गेलेली पहिली. मुलगा नाही, मुलगी नाही, पहिली व्यक्ती. हे मी अभिमानाने सांगते आणि पुढेही सांगत राहीन. ज्यांना त्याचा कंटाळा येतो त्यांच्या घरात सहसा तीन पिढ्यांच्या पदव्या भिंतीवर असतात.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आमचे प्राध्यापक हिशेबाची तत्त्वं शिकवत होते. सातत्याचं तत्त्व आलं. ते म्हणाले, एकदा एक पद्धत धरली की तीच पाळायची. सोयीप्रमाणे माप बदललं तर वही लिहिण्यात अर्थ नाही. मला हसू फुटलं. माझं हसूही ओरडूनच असायचं.

"काय झालं? विनोद झाला का?"

"नाही सर. आमच्याकडे मजुरीचा मीटर वेगळा आहे. दोन बोटं लांब."

वर्ग खदखदला. पुढच्या बाकावर कापडाच्या व्यापाऱ्यांची दोन मुलं बसायची. त्यातला एक मागे वळून म्हणाला, "तुमचीच बोटं जाड असतील."

सर हसले नाहीत. "आकसण्याची सूट असेल ती," म्हणाले. "पण ती किती, हे कोणी मोजलंय का?"

कोणी मोजलं नव्हतं. वीस वर्षं सगळे मान डोलावत होते, पण उतरलेला ताका आठ दिवसांनी परत मोजून पाहावा हे एकालाही सुचलं नव्हतं. मलाही नाही.

पदवी झाल्यावर मी भिवंडीतल्याच एका चार्टर्ड अकाउंटंटकडे आर्टिकलशिपला लागले. तीन वर्षं त्यांच्या हाताखाली काम करायचं, त्यांनी सही दिली तरच शेवटच्या परीक्षेला बसता येणार. ऑफिस बाजारात, पहिल्या मजल्यावर. खुर्चीमागे व्यवसायाच्या नीतिनियमांची चौकट होती, आणि तिच्यावर एका गिऱ्हाइकाने दिलेलं कॅलेंडर टांगलेलं. वरचे तीन नियम तेवढे दिसायचे, बाकीचे कॅलेंडरमागे. तीन वर्षांत मी ते कॅलेंडर दोनदा काढून ठेवलं. दोन्ही वेळा ते दुपारपर्यंत परत जागेवर.

मुलाखतीत या नव्या सरांनी विचारलं, "मार्चमध्ये उशीर होतो. मुलीची जात. घरचे सोडतील का?"

"सर, माझी आई दिवसाचे बारा तास कांड्या भरते. तिला हा प्रश्न कोणी विचारला नाही."

सर कडू गोळी गिळल्यासारखे हसले आणि मला घेतलं. भत्ता इतका थोडा होता की नाही म्हणायचं त्यांना काही कारण नव्हतं.

दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये एका कारखान्याच्या मालाची मोजणी आली. शेठने बँकेकडून मालावर कर्ज घेतलेलं. गोडाऊनमध्ये किती मीटर कापड आहे ते बघून सरांनी दाखला द्यायचा होता. नेहमी जाणारा मुलगा परीक्षेच्या रजेवर होता. सरांनी फाइल माझ्यापुढे सरकवली. वरचं नाव वाचलं आणि मी फाइल परत सरकवली.

"सर, इथे माझे वडील विणकर आहेत. नियमाप्रमाणे सांगायला हवं."

सर खो खो हसले. "अगं, तो नियम भागीदारांसाठी आहे, नातलगांच्या शेअरसाठी. तुझे वडील मजूर आहेत. मजुराचा कारखान्याशी काय संबंध?"

वीस वर्षं त्या कारखान्यात उभ्या राहिलेल्या माणसाचा कारखान्याशी काय संबंध! हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं. अजून आहे.

जाण्याआधी मी कापडवाल्याकडून वजनमापे खात्याचा शिक्का असलेली लोखंडी मीटरपट्टी विकत घेतली. दुकानदार म्हणाला, "काय ताई, दुकान टाकताय?"

"नाही, दुसऱ्याचं बघायला चाललेय."

गोडाऊनमध्ये ताक्यांच्या थप्प्या छपरापर्यंत. मेहताजी वही वाचणार, मी खुणा करत जाणार, तासाभरात चहा-भजी, आणि संपलं, अशी रीत. पहिल्या ताक्यावर एकशे आठ मीटर लिहिलेलं होतं. दुसऱ्यावर एकशे आठ. तिसऱ्यावरही.

मला आठवत होतं, बाबांचा ताका शंभरचा असतो. लूमवर ताण्याच्या सुताचं बीम चढतं तेव्हाच खुणा केलेल्या असतात, त्या खुणेवर ताका कापायचा.

मी एक ताका खाली घेतला आणि घडीला पट्टी लावली. घडी मीटरला चार सेंटीमीटर कमी होती. गोडाऊनच्या कोपऱ्यात दुसरं घडीचं टेबल होतं, विक्रीचं. त्याच्या खुंट्या मोजल्या. शहाण्णव सेंटीमीटर. मग सरळ भिंतीपलीकडे कारखान्यात गेले आणि बाबांनी ठोकलेल्या खुंट्या मोजल्या. एकशे चार.

म्हणजे सरकारी मीटरही बदलला होता. मजुरी द्यायची शंभर मीटरची, आणि तोच ताका बँकेला आणि व्यापाऱ्याला दाखवायचा एकशे आठ मीटरचा. जपमाळ पुरी झाली!

मेहताजीच्या वह्या लाल कापडात बांधलेल्या. पहिल्या पानावर गणपती, दोन्ही बाजूंना शुभ आणि लाभ. मजुरीच्या वहीत ओळ होती, 'आकस वजा'. विक्रीच्या वहीत ओळ होती, 'मापातली वाढ'. एकच कापड. मजुराचा हिशेब करताना ते आकसत होतं, आणि बँकेचा हिशेब करताना वाढत होतं. असं कापड जगात दुसरं नसेल.

"मेहताजी, हे आकसतं की वाढतं? एक काहीतरी ठरवा."

"पोरी, दीड वही शिकलीस नि मला विचारतेस? धंद्यात असंच असतं. सगळी भिवंडी अशीच मोजते."

"सगळी भिवंडी मी अजून मोजली नाही. तुमची मोजतेय."

मी तीन कामं केली. थप्पीतले वीस ताके निवडून शिक्क्याच्या पट्टीने मोजले. मापांच्या कागदावर मेहताजीची सही घेतली. मोजणी मान्य म्हणून सही करताना त्याने काय मान्य केलं ते वाचलंही नाही, मुलगी काय लिहिणार असं त्याला वाटलं असावं. आणि बाबांच्या लूमवरून त्याच दिवशी उतरलेला एक ताका खऱ्या मीटरने मोजून, शिवून, वर खूण करून बाजूला ठेवला. तो आठ दिवसांनी परत मोजायचा होता. बाबा लूमवरून बघत होते. शेजारच्या लूमवर उत्तर प्रदेशातला एक म्हातारा विणकर होता, तो धोट्याच्या आवाजावर आवाज चढवून ओरडला, "बिटिया, ठीक से नापना! बीस बरस से कपड़ा सिकुड़ रहा है, हम भी उसके साथ सिकुड़ गए!"

घरी जेवताना बाबा एकाच घासावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "खुंट्या मी ठोकल्यात."

"तुम्हाला गज मेहताजीने दिला."

"गज त्यानं दिला. हातोडा माझाच व्हता."

आईने माझ्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, "नोकरी जाईल त्यांची. ते तू बघितलंस का?" ते मी बघितलं होतं. माझीही जाणार होती. सरांची सही नाही, तर परीक्षा नाही, आणि दोन वर्षं पाण्यात. त्या आठ दिवसांत आमच्या घरात ओरडून कोणीच बोललं नाही.

आठव्या दिवशी शेठच्या केबिनमध्ये आम्ही पाचजण होतो: शेठ, मेहताजी, सर, मी, आणि शेठने मुद्दाम पाळीवरून बोलावलेले बाबा. बाबांना बसायला खुर्ची दिली नव्हती. मीही उभी राहिले.

शेठ गोड माणूस. "बेटी, तू आपल्या घरची. तुझ्या फ्रॉकचं कापड इथूनच जात होतं, आठवतं का?"

"आठवतं. त्याचे पैसे बाबांच्या मजुरीतून कापलेले होते, तेही आठवतं."

सर खुर्चीत चुळबुळले. "मुद्द्याचं बोल. असल्या बारीकसारीक गोष्टी रिपोर्टात येत नसतात."

शेठ बाबांकडे वळला. "तूच समजाव तुझ्या पोरीला. इतकी वर्षं आहेस इथे."

बाबांनी टोपी हातात घेतली होती. "शेठ, घरात ती माझी पोर हाय. हितं ती हिशेब बघायला आलीय. हितं मी काय सांगू? तो ताका मोजा. मला बघायचाय."

ताका आणला. शिवण उसवली. मी मोजू लागले तर बाबा म्हणाले, "दे हिकडं," आणि पट्टी हातात घेऊन स्वतः मोजला, एक डोळा मिटून, दसऱ्यासारखा. उतरला त्या दिवशी तो एकशे चार मीटर भरला होता. आता एकशे तीन भरला.

बाबांनी दुसऱ्यांदा मोजला. एकशे तीन.

"एक मीटर आकसला," ते म्हणाले. "बाकीचे तीन कुठं गेले, मेहताजी?"

मेहताजी छताकडे बघू लागला. बाबा पुढे म्हणाले, "नव्या पोरांना मीच सांगत आलो, बाबांनो कापड आकसतं, शेठचा तोटा करू नका. माझ्या तोंडानं सांगत आलो." आणि त्यांनी पट्टी शेठच्या टेबलावर ठेवली. आवाज झाला नाही, इतकी हळू.

आता इथे सरांच्या मनात न्यायबुद्धी जागी झाली असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. तसलं काही झालं नाही. सर घड्याळाकडे बघत होते. मी त्यांच्यापुढे वीस ताक्यांचा कागद ठेवला.

"सर, दाखल्यावर सही तुमची. तुम्ही एकशे आठ लिहिणार. उद्या बँकेचा माणूस साधी टेप घेऊन आला तर त्याला एकशे तीन-चार मिळणार. कागदावर मेहताजींची सही आहे की मापं आमच्यासमोर झाली. तेव्हा बँक शेठना नंतर विचारेल. आधी तुम्हाला."

सरांचा चेहरा कोऱ्या कापडासारखा झाला. कॅलेंडरमागचे सगळे नियम त्यांना त्या एका क्षणात पाठ झाले.

"शेठ," ते म्हणाले, "खरा मीटर लिहावा लागेल."

"लिहा," शेठ म्हणाला. "मालाचा खरा लिहा. मजुरीचा मजुरीच्या जागी राहू दे. बँकेला मजुरीशी काय करायचंय?"

तिथेच ते सगळे सुटले असते. पण वहीला एक वाईट खोड असते, तिला दोन्ही बाजू जुळाव्या लागतात. मी म्हटलं, "मालात एकशे तीन आले आणि विणले शंभरच, तर वरचे तीन मीटर कुठून आले? ते कुठल्या खात्यात लिहायचे?"

"वाढीत टाकतो," मेहताजी म्हणाला.

"कापड आकसतं ना, मेहताजी?"

सरांनी वही ओढून घेतली, पुढे पाहिली, मागे पाहिली. त्या तीन मीटरांना लिहायला खातंच नव्हतं. दोन्ही टेबलं एका मापाची केल्याशिवाय ती वही बंद होत नव्हती, आणि वही बंद झाल्याशिवाय बँक कर्ज पुढे चालवत नव्हती. शेवटी सरांनीच शेठला सांगितलं, आकसण्याची सूट शंभराला एक मीटर, मोजून ठरलेली, त्याच्यावर नाही. शेठने मान हलवली. नीतीची मान नव्हती ती, कर्जाची होती. मला चालली.

मागच्या वीस वर्षांचं काय, असं त्या म्हाताऱ्या विणकराने नंतर विचारलं. त्याचं काहीच झालं नाही. बाबांनाही कोणी काढलं नाही, कारण तसा विणकर मिळत नव्हता, पण दसऱ्याचा नारळ त्यांना पुन्हा कधी मिळाला नाही. सर मला उरलेलं वर्षभर 'मीटरवाली' म्हणत, माझ्यासमोर आणि माझ्यामागे. तरी त्यांनी सही दिली. न देण्याचं कारण कागदावर लिहावं लागलं असतं, आणि ते कोणत्या शब्दांत लिहायचं हे त्यांना सुचलं नसावं. मी परीक्षेला बसले आणि दुसऱ्या खेपेला पास झाले. त्यानंतर धंद्यातल्या नैतिकतेवरची पुष्कळ भाषणं ऐकली, गार हॉलमध्ये, हार-तुरे घेऊन. त्यातल्या एकाही वक्त्याला मी पट्टी घेऊन उठताना पाहिलं नाही.

एक एप्रिलला दोन्ही टेबलांच्या खुंट्या काढल्या आणि शिक्क्याच्या पट्टीने पुन्हा ठोकल्या. कारखान्यातल्या टेबलाच्या बाबांनीच ठोकल्या. बाबा त्या कारखान्यात आणखी सात वर्षं होते. शंभराला एक ही मोजलेली सूट सोडली, तर ती सात वर्षं तिथल्या चोवीस लूमवरच्या प्रत्येक विणकराला एका खऱ्या मीटरची एका मीटरएवढी मजुरी मिळाली.